बोलीच्या नोंदी आणि वर्कशीट : तयार मॅक्रोचा उपयोग व मर्यादा

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी या भाषा येथे शेजारी नांदतात. अशा प्रदेशातील शब्दसंकलन संगणकावर करावयाचे झाल्यास नोंदपत्रकाची रचना हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणात बोलींच्या नमुन्यांसाठी प्रामुख्याने उधळ्या पुत्राची एकच कथा योजली होती. मजकूर समान असल्यामुळे दिसणारा भेद बोलीचा ठरतो. वर्कशीटलाही हेच तत्त्व लागू पडते. प्रत्येक निवेदकासाठी हाताने नवे पत्रक आखल्यास रकाने मागेपुढे होतात आणि पुढे तुलना अवघड होते.

एक्सेलमध्ये १९९३ पासून उपलब्ध असलेली मॅक्रोभाषा येथे साहाय्यक ठरते. 'नमुना' नावाच्या वर्कशीटवर प्रमाण शब्द, बोलीतील उच्चार, अर्थ, वाक्य आणि निवेदकाचा वयोगट असे रकाने आखावेत. 'यादी' या दुसऱ्या वर्कशीटवर नियोजित नावे लिहावीत. मॅक्रो यादीतील एकेक नाव वाचतो, नमुन्याची प्रत शेवटी जोडतो आणि तिला ते नाव देतो.

तयार मॅक्रो वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. मॅक्रोच्या संपादकात देवनागरी अक्षरांऐवजी बहुधा प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून नावे आज्ञावलीत न लिहिता यादीतूनच घ्यावीत. वर्कशीटच्या नावास ३१ चिन्हांची मर्यादा असून मात्रा स्वतंत्र मोजली जाते : 'ककोडी' डोळ्यांना तीन अक्षरी, संगणकाला पाच चिन्हांचे. नावात तिरपी रेघ, विसर्गासारखे द्विबिंदू किंवा चौकटी कंस चालत नाहीत, आणि तेच नाव पुन्हा आल्यास मॅक्रो थांबतो. मात्र नावाअखेर रिकामी जागा राहिल्यास दिसायला सारखी दोन पत्रके तयार होतात. ती जागा आधी छाटणारी ओळ आज्ञावलीत असावी. मॅक्रोने केलेला बदल नेहमीच्या पद्धतीने मागे घेता येत नाही. प्रथम फाइलची प्रत करावी. मॅक्रो जपणारा फाइलप्रकार निवडला नाही, तर आज्ञावली फाइलमध्ये राहत नाही. परक्याची आज्ञावली वाचल्याशिवाय चालवू नये, हे ओघानेच आले.

तथापि, पत्रक कशाचे करावे हे मॅक्रो सांगत नाही. गावागणिक एक पत्रक केल्यास त्याच गावातील गोंडीभाषक आणि झाडीबोलीभाषक यांच्या मराठीतील अंतर लोपते. म्हणून 'ककोडी-०१', 'चिचगड-०२' अशी निवेदकवार पत्रके अधिक उचित. त्यामुळे निवेदकाचे नावही गुप्त राहते. तसेच झाडीबोलीतील 'पानी' हा उच्चार संकलकाने 'पाणी' असा 'शुद्ध' केला, किंवा 'डोरा'चा 'डोळा' केला, तर सुबक पत्रकातून बोलीच नाहीशी होते. साचा यंत्राने घडवावा. त्यात पडणारा शब्द मात्र बोलणाऱ्याच्या मुखातून जसा आला तसाच राहिला पाहिजे.