रारोटोंगाच्या किनाऱ्यावर बांधलेले जहाज

दक्षिण प्रशांत महासागरात एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत कित्येकदा शेकडो मैलांचे पाणी पसरलेले असल्यामुळे तेथे गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे सारे कार्य जहाजावर अवलंबून असे, आणि जहाज नसेल तर मिशनरी ज्या बेटावर उतरला त्याच बेटावर अडकून पडे. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीने १७९६ मध्ये ‘डफ’ नावाच्या जहाजातून तीस जणांची पहिली तुकडी ताहितीकडे रवाना केली, तेव्हा त्यांच्यात दीक्षित धर्मोपदेशक अवघे चार होते आणि बाकीचे बहुतेक सुतार, गवंडी, विणकर, शिंपी असे कारागीर होते. या जहाजाचा कप्तान जेम्स विल्सन याने पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असताना हैदरअलीच्या तुरुंगात बेड्या भोगल्या होत्या.

याच संस्थेचा जॉन विल्यम्स हा १८१८ मध्ये ताहितीजवळच्या रायातेआ बेटावर स्थायिक झाला. लंडनमध्ये लोखंडी सामानाच्या दुकानात उमेदवारी करताना त्याने दुकानदारीबरोबर लोहारकामही हौसेने शिकून घेतले होते. त्याने १८२० नंतर लगेचच ‘एन्डेव्हर’ नावाचे एक लहान जहाज विकत घेण्याची व्यवस्था केली. परंतु लंडनच्या संचालकांना हा खर्च मान्य नसल्याने ते सोडून द्यावे लागले. पुढे १८२७ मध्ये, आज कुक बेटे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहातील रारोटोंगा बेटावर तो काही महिन्यांसाठी म्हणून गेला आणि परतीचे जहाज फिरकेना, तेव्हा त्याने तेथेच जहाज बांधण्याचे ठरवले.

त्या बेटावर करवत नव्हती आणि लोखंडही नावापुरतेच होते. पहिली अडचण भात्याची आली. बेटावर चार शेळ्या होत्या. दूध देणारी एक राखून बाकी तिघींच्या कातड्यांचा भाता तयार केला, तर एका रात्रीत उंदरांनी कातडे साफ खाऊन टाकले आणि सकाळी नुसत्या फळ्या उरल्या. पंपाने पाणी फेकता येते तर हवाही फेकता यावी, या विचाराने विल्यम्सने दट्ट्या बसवलेली लाकडी पेटी केली. परंतु दट्ट्या वर घेताना ती भट्टीतला विस्तव उलटा ओढू लागली, म्हणून नळीला झडप लावली आणि वारा अखंड राहावा यासाठी जोडीला दुसरी पेटी बसवली. ही यंत्रणा चालवायला आठ-दहा माणसे लागत. दगडाची ऐरण झाली, सुताराची पकड सांडशी म्हणून वापरली आणि दगडी कोळशाऐवजी लाकडाचा कोळसा पाडला.

फळ्यांसाठी पाचरी ठोकून झाडांचे उभे दोन भाग करीत आणि बेटावरचे लोक लहान कुऱ्हाडींनी ते तासून सपाट करीत. वाकडी फळी हवी असेल तेव्हा बांबू हव्या त्या आकारात वाकवून माणसांना रानात पाठवत, आणि ते तसाच वळलेला बुंधा शोधून आणत. खिळ्यांच्या जागी भोके पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या. फटींमध्ये नारळाचा काथ्या आणि सालीचे कापड भरले, जास्वंदीच्या कुळातील एका झाडाच्या सालीचे दोर वळले आणि निजण्याच्या चटया एकावर एक शिवून शिडे केली. कप्प्यांची चाके सुरूच्या लाकडाची होती. कोकणच्या किनाऱ्यावर उभा असतो तोच हा वृक्ष. साठ फूट लांब आणि अठरा फूट रुंद असे हे जहाज काही महिन्यांत पाण्यावर तरंगले. त्याचे नाव ‘मेसेंजर ऑफ पीस’, म्हणजे शांतीचा दूत. पहिल्या सफरीत ते ऐतुताकी बेटावरून डुकरे, नारळ आणि मांजरे घेऊन आले. उंदरांनी गांजलेल्या रारोटोंगाला मांजरांची गरज किती होती, हे भात्याच्या प्रकरणावरून उघडच आहे.

हे जहाज विल्यम्सचे म्हणून इतिहासात नोंदले गेले. त्याची कल्पकता वादातीत आहे. परंतु लाकूड, दोर आणि शिडे बेटवासीयांच्या श्रमांतून आली, आणि धर्मप्रसाराचे कामही मुख्यतः त्यांच्याच जोरावर पुढे गेले. रायातेआचा पापेइहा हा धर्मशिक्षक १८२३ मध्येच रारोटोंगावर एकटा मागे राहिला होता. आधल्या रात्री किनाऱ्यावर उतरलेल्या शिक्षकांच्या बायकांशी दांडगाई झाल्याने बाकीचे माघारी फिरले असताना त्याने हा निर्णय घेतला, आणि चार वर्षांनी विल्यम्स मुक्कामाला आला तो या माणसाने तयार केलेल्या समाजात. १८३० मध्ये ‘मेसेंजर ऑफ पीस’ सामोआला निघाले, तेव्हा टोंगा बेटांत फाउएआ नावाचा सामोअन सरदार जहाजावर चढला. सामोआतील बलाढ्य प्रमुख मालिएतोआ याच्याशी त्याचे नाते होते. त्यानेच मध्यस्थी केली, आणि आरंभीच लोकांच्या नाचांना व खेळांना नावे ठेवू नका, असा सल्लाही शिक्षकांना दिला. सवाई बेटावरील सापापालीई येथे उतरवलेले आठही शिक्षक पॉलिनेशियन होते.

या प्रवासांची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. बाहेरून येणाऱ्या जहाजांबरोबर रोग येत, आणि रोगप्रतिकारशक्ती नसलेली माणसे त्यांना मोठ्या संख्येने बळी पडत. १८३० मध्ये रारोटोंगावर अशीच भयंकर साथ पसरली होती. चंदनाच्या व्यापाऱ्यांनी एरोमांगा बेटावर रक्तपात केला होता, त्यामुळे तेथील लोकांचा परक्या जहाजांवर विश्वास उरला नव्हता. त्याच बेटावर २० नोव्हेंबर १८३९ रोजी विल्यम्स आणि त्याचा सहकारी जेम्स हॅरिस मारले गेले. १८४४ मध्ये ब्रिटनमधील मुलांनी जमवलेल्या वर्गणीतून संस्थेने ‘जॉन विल्यम्स’ नावाचे जहाज बांधून घेतले, आणि पुढे हेच नाव आणखी जहाजांना मिळत गेले. २००९ मध्ये विल्यम्सचे वंशज एरोमांगाला गेले आणि तेथील लोकांसह समेटाचा विधी पार पडला.

पापेइहाने मात्र रारोटोंगा सोडले नाही. त्याने तेथेच संसार मांडला आणि १८६७ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला.