साडेचारचा पाढा

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने काही प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. त्यांतला एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा. हजार नगांच्या घाऊक खरेदीला एकाची किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, त्याची १४९. ज्याचा खिसा गरम त्याने पहिला घ्यावा, बाकीच्यांनी दुसरा, अशी सरळ वाटणी होती. पण फार दिवस गेले नाहीत आणि हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की १४९चा माल ६६९च्या मालाइतका पळवता येतो. मदरबोर्डावरची एक सेटिंग बदलायची, बस्स.

ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली गेली, की तिच्यातला दुसरा गडी मागेच राहिला. एएमडीचा के६-२ तीन महिने आधी, मे १९९८मध्ये आला होता. बेताच्या पैशांत पीसी जोडून घेणाऱ्यापुढे त्या वर्षी खरी निवड होती ती या दोघांतली. ‘दोघांत वेगवान कोण?’ हा प्रश्न तेव्हा सगळे विचारत. माझ्या मते तो अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा मदरबोर्डात होता.

आधी सेलेरॉनचं कूळ पाहू. पेंटियम टूबरोबर इंटेलने जुना सॉकेट ७ सोडून स्लॉट १ नावाची खाच आणली. तिचे हक्क इंटेलकडे, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना तिथे शिरकाव नव्हता. एएमडी आणि सायरिक्स जुन्याच सॉकेटला धरून राहिले आणि १९९७पासून अमेरिकेत हजार डॉलरच्या आतल्या पीसीची जी लाट आली, तिचा मोठा हिस्सा त्यांनी खाल्ला. उत्तर म्हणून इंटेलने एप्रिल १९९८मध्ये पहिला सेलेरॉन काढला. पेंटियम टू घेतला, त्यातली एल-टू कॅश काढून टाकली आणि किंमत उतरवली. कॅश म्हणजे हाताशी असलेला मिसळणाचा डबा. तो नसला की चिमूटभर मोहरीसाठीही माळ्यावर चढावं लागतं. प्रोसेसर दर वेळी रॅमपर्यंत धावत होता. ऑफिसच्या काही कामांत जुना पेंटियम एमएमएक्सही त्याला भारी पडे. टीका एवढी झाली, की इंटेलला चार महिन्यांत सुधारून नवा माल आणावा लागला. तो ३००ए.

आता १२८ केबी कॅश आली, तीही प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर. ट्रान्झिस्टरची संख्या ७५ लाखांवरून १ कोटी ९० लाखांवर गेली. महागड्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ केबीची होती, पण वेगळ्या चिपांत, शेजारी बसवलेली आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची कॅश पाव आकाराची, पण पूर्ण वेगाची. धाकट्याला हात आखडून दिलं आणि नेमकं तेच त्याच्या पथ्यावर पडलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९९मध्ये, पेंटियम थ्रीची कॅशही इंटेलने चिपच्या आतच घेतली. म्हणजे स्वस्त मालावर जे आधी करून पाहिलं, ते मग महाग मालात आलं. सहसा उलट घडतं.

सेलेरॉनचा वेग हा साधा गुणाकार होता : बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या वाहिनीचा, वेग ६६ मेगाहर्ट्झ (खरं तर ६६⅔), गुणक साडेचार, उत्तर ३००. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. त्याला कारण होतं. कमी वेगाच्या चिपवरचा छाप पुसून, जास्त वेगाचा आकडा छापून विकण्याचा धंदा तेव्हा जगभर जोरात होता. पण बसचा वेग तेव्हा मदरबोर्ड ठरवी, त्याला चिपमधून कुलूप घालता येत नसे. ६६च्या जागी १०० लावा, साडेचारने गुणा, ४५० येतात. शिवाय १०० हा आकडा सोयीचा पडला. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर बस १०० असली की जोडकार्डांच्या पीसीआय वाहिनीला तिचा एक तृतीयांश मिळे, म्हणजे पुन्हा नेहमीचे ३३च. हार्डडिस्क, साउंडकार्ड यांना पत्ताही लागत नसे. ७५ किंवा ८३वर नेलं तर मात्र पीसीआयचाही वेग चढे आणि डिस्कवरचा डेटा बिघडण्याची भीती असे.

काही बोर्ड स्वतःच चिपला विचारत, ‘तू ६६ची की १००ची?’ हे उत्तर देणारा संपर्क म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसर-कार्डाच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांपैकी एक, बी२१. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची ती पट्टी. तिच्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा किंवा नेलपॉलिशचा एक थेंब लावला की बोर्ड चिपला १००ची समजे. अबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डाला तेवढंही लागत नसे. बायोसच्या पडद्यावरच बस आणि व्होल्टेज निवडता येई. म्हणून त्या काळात ३००ए आणि बीएच६ ही नावं जोडीनेच घेतली जात. प्रत्येक नग ४५०ला टिकेच असं नव्हे. कुणी २.० व्होल्टचे २.२ करी, कुणी मोठा हीटसिंक लावी, आणि काहींना हात चोळत ३००वर परतावं लागे. ही सगळी फुकटची कमाई नशिबावर होती, हे तिचे भक्त सांगायला विसरतात.

के६-२चं सगळंच वेगळं. या घराण्याशी महाराष्ट्राचा एक धागा जुळतो. विनोद धाम यांचा जन्म १९५०चा, पुण्यातला. इंटेलमध्ये ‘पेंटियमचे जनक’ म्हणून नाव झालं, मग ते नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. १९९६मध्ये एएमडीने नेक्सजेन विकत घेतली. तिथल्याच आराखड्यावरून के६ उभा राहिला आणि त्या कामात धाम यांचा मोठा वाटा होता. के६-२ हा त्याचा धाकटा भाऊ.

९३ लाख ट्रान्झिस्टर, आतली एल-वन कॅश ६४ केबी, म्हणजे सेलेरॉनच्या दुप्पट. एल-टू मात्र मदरबोर्डावर, बसच्याच वेगाने चालणारी. पूर्णांकांच्या कामात हा गडी सेलेरॉनच्या खांद्याला खांदा लावून चाले. वर्ड, एक्सेल, टॅली यांत फरक डोळ्यांना जाणवण्यासारखा नव्हता. पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका आणि हँडबिलं लावणाऱ्या डीटीपीवाल्याला प्रोसेसरपेक्षा रॅम कमी पडायची. कमजोरी दशांशांच्या गणितात होती. इंटेलच्या गणित विभागात एक बेरीज पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू होई. के६-२मध्ये पहिली संपेपर्यंत दुसरी रांगेत. त्रिमिती गेम म्हणजे दशांशांचाच खेळ. यावर एएमडीने ‘थ्रीडी नाऊ’ नावाच्या २१ नव्या आज्ञा दिल्या. ज्या गेमने त्या वापरल्या तिथे चित्र पालटलं. क्वेक-२साठी खास दुरुस्ती आली आणि के६-२ चांगला पळू लागला. पण प्रत्येक गेमकर्ता एवढे कष्ट घेणार थोडाच? गेमसाठी पीसी घेणाऱ्याने सेलेरॉन घेतला, तर त्याचं चुकलं नाही.

के६-२चा एक घोटाळा मला फार आवडतो. ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या चिपांवर विंडोज ९५ सुरू होतानाच कोलमडे. विंडोज एक पोकळ फेरा ठरावीक वेळा फिरवून किती वेळ लागला ते मोजे आणि त्या वेळाने भागाकार करी. के६-२ हा फेरा इतक्या झपाट्याने उरके, की मोजलेला वेळ शून्य निघे. शून्याने भागणार कसं? मग दुरुस्तीची फाइल वाटावी लागली. गेमसाठी संथ म्हणून हिणवलेला प्रोसेसर इथे वेगापायी फसला होता!

आता मदरबोर्ड. सेलेरॉन घ्यायचा तर स्लॉट १चा नवा बोर्ड घेणं आलंच, आणि ४५०ची हौस असेल तर बीएक्सचा आणि १०० मेगाहर्ट्झ झेपणारी रॅम. १४९ डॉलर हा फक्त आत शिरण्याचा दर. के६-२ला घरातला सॉकेट ७चा बोर्डही पुष्कळदा चाले. फक्त त्याला २.२ व्होल्ट देता आले पाहिजेत. १०० मेगाहर्ट्झची बस नाही? मग साडेचार गुणिले ६६, म्हणजे तेच ३००. इथे गुणकाला कुलूप नव्हतं, बोर्डावरचा जंपर हलवला की झालं. आणखी गंमत पुढच्या ४००च्या चिपची. सहाचा गुणक जुन्या बोर्डांवर नव्हताच, म्हणून एएमडीने चिपलाच शिकवलं, की बोर्डाने दोन सांगितलं तर सहा समजायचं. सहा गुणिले ६६, चारशे. जुन्या पेंटियमवर रखडणाऱ्यासाठी ही खरी स्वस्ताई होती. मात्र १०० मेगाहर्ट्झ बसचा नवा सुपर ७ बोर्ड घेणाऱ्याचं पारडं इतकं जड नव्हतं. व्हीआयए आणि एएलआयच्या चिपसेटांवर एजीपी ग्राफिक्स कार्डं ड्रायव्हरांवरून फार रुसत, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीसी जोडून आणणाऱ्याला तो रुसवा निस्तरायला कंपनीचा माणूस येणार नव्हता.

म्हणून माझा कौल असा : पाटी कोरी असेल तर ३००ए, घरात चालता बोर्ड असेल तर के६-२, आणि उरलेल्या पैशांची रॅम. ४५०च्या जुगाराला मी यात धरलेलं नाही. तो लागला तर वरकड.

इंटेलने या प्रकरणातून घ्यायचा तो धडा घेतला. ५३३च्या सेलेरॉनला गुणक आठचा होता. बस १०० केली तर उत्तर ८००. एवढा भार ती चिप कुठून पेलणार? बस मात्र ६६च राहिली, ७६६च्या चिपपर्यंत. १०० मेगाहर्ट्झच्या बसचा पहिला सेलेरॉन यायला जानेवारी २००१ उजाडला. तोवर एएमडीचा स्वस्तातला ड्युरॉन येऊन सहा महिने झाले होते.