निद्रानाशाचा पत्ता मेंदूत सापडेना

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे डीटर रीमान यांच्या गटाने २००७ मध्ये निद्रानाशाच्या आठ रुग्णांचे एमआरआय काढले आणि शांत झोपणाऱ्या आठ जणांशी ते ताडून पाहिले. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस रुग्णांमध्ये लहान भरला. तीन वर्षांनी अमेरिकेत विंकलमन आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्ण घेऊन तेच मोजलं, तर फरक काहीच नाही. पुढे कुणाला डोळ्यांमागच्या भागात करडा पदार्थ कमी दिसला, तर कुणाला आणखी कुठला भाग उलट वाढलेला. प्रत्येक निबंध आपापल्या जागी नेटका होता. एकत्र वाचले की डोकं चक्रावत होतं.

२०१८ मध्ये मसूद तहमासियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या अभ्यासांतल्या मेंदूतल्या जागा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. कुठलीही एक जागा पुन्हापुन्हा येत नव्हती.

दोष कुणा एकाचा नव्हता. एमआरआय महाग, रुग्ण मिळायला अवघड, त्यामुळे नमुना लहान; आणि लहान नमुन्यात योगायोगही शोधासारखा दिसतो. त्यात यंत्रं वेगळी, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. मेंदूच्या जनुकीय अभ्यासात हे दुखणं आधीच लक्षात आलं होतं. लॉस एंजलिसचे पॉल थॉम्पसन आणि ब्रिस्बेनचे निक मार्टिन यांनी २००९ मध्ये ‘एनिग्मा’ हा गट सुरू केला तो त्यासाठीच. एकेका जनुकीय फरकाचा मेंदूच्या आकारावरचा परिणाम इतका बारीक असतो, की तो दिसायला हजारो माणसं लागतात. २०१५ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये छापलेल्या अभ्यासात ३०,७१७ जणांची माहिती होती.

एवढी माहिती गोळा कशी केली, यातली युक्ती मला फार आवडते. रुग्णाचे स्कॅन आणि जनुकं देशाबाहेर पाठवायची म्हटलं की कायदे आणि संमतीपत्रं आडवी येतात. म्हणून एनिग्माने बहुतेक ठिकाणी माहितीऐवजी कृती पाठवली. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर, एकच तपासणीची रीत वापरायची, हिशेब आपल्याच संगणकावर करायचा आणि केंद्राकडे फक्त आकडे धाडायचे. घराघरांतून पुरणपोळ्या मागवायच्या, पण पुरणाचं प्रमाण मात्र सगळ्यांना आधीच लिहून द्यायचं, असा हा प्रकार.

झोपेसाठीचा स्वतंत्र गट, एनिग्मा-स्लीप, याचा आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्यांचा निद्रानाशावरचा निकाल आला. तीन ठिकाणचे १,०८५ लोक होते. मेंदूच्या रचनेत भरवशाचा फरक तरीही निघाला नाही. असा ‘नाही’ वर्तमानपत्रांत मथळा होत नाही. मला मात्र तो आधीच्या डझनभर ‘हो’पेक्षा मोलाचा वाटतो.

जाता जाता आणखी एक गंमत. निद्रानाशाच्या पुष्कळ अभ्यासांत माणसाला यंत्रात निवांत पडायला सांगतात, मात्र जागं राहून. एन्झो ताल्याझुकी आणि हेल्मुट लाउफ्स यांनी जगभरातून खुल्या केलेल्या अशा १,१४७ स्कॅनची २०१४ मध्ये छाननी केली. तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा लोक पहिल्या तीन मिनिटांतच पेंगायला लागले होते असं दिसलं. म्हणजे ‘जाग्या मेंदूचं चित्र’ म्हणून छापलेलं बरंच काही अर्धवट झोपलेल्यांचं होतं.

जनुकांच्या बाजूने आकडे छाती दडपवणारे आहेत. २०१९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या डॅनिएल पोस्थुमा यांच्या गटाने यूके बायोबँक हा ब्रिटनमधला मोठा आरोग्य-माहितीसंग्रह आणि २३अँडमी ही जनुकचाचणी करणारी कंपनी यांच्याकडची माहिती जोडून १३,३१,०१० लोकांचा अभ्यास केला. निद्रानाशाशी जोडलेली २०२ ठिकाणं जनुकसंचात सापडली. त्यांचं नातं झोपेच्या इतर सवयींपेक्षा नैराश्य आणि चिंतेशी जास्त जवळचं निघालं. पण इथेही मेख आहे. यूके बायोबँकमधल्या लाखो माणसांचा निद्रानाश ठरला तो एका प्रश्नावरून: रात्री झोप लागायला त्रास होतो का, किंवा मध्येच जाग येते का? तान्हं बाळ असलेली आई, दम्याचा रुग्ण आणि रात्रभर छताकडे बघत पडणारा माणूस, तिघांचंही उत्तर ‘नेहमी’ असू शकतं.

माझ्या मते कोडं सुटण्याची वाट इथूनच जाते. नेदरलँड्समध्ये यूस फान सोमेरेन आणि टेसा ब्लांकेन यांनी ४,३२२ स्वयंसेवकांकडून झोपेबरोबरच स्वभाव, आनंद अनुभवण्याची क्षमता, आयुष्यातले आघात यांविषयी प्रश्नावल्या भरून घेतल्या. २०१९ मध्ये त्यांनी निद्रानाशाचे पाच प्रकार मांडले. झोप उशिरा लागते की पहाटे मोडते, यावर ही विभागणी नव्हती. ती स्वभावावर होती. पाच वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा बहुतेक जण आपल्याच प्रकारात टिकून होते. झोपेच्या गोळ्यांचा गुणही प्रकारागणिक वेगळा होता. हे पाचही प्रकार एकाच गटात ओतून सरासरी काढली, तर एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बुडणारच.

तेव्हा पुढचं काम हजारो नुसते रुग्ण जमवण्याचं नाही, तर प्रत्येक प्रकाराचे पुरेसे रुग्ण जमवण्याचं आहे. ते एका देशाच्या आवाक्यातलं नव्हे. शिवाय हे पाच प्रकार डच स्वयंसेवकांवरून ठरलेले आहेत. जनुकांच्या बाजूलाही तेच: जगभरच्या जनुकीय अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते, असं २०१९ मधली एक मोजणी सांगते. भारतात जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून २०२५ च्या जानेवारीत ते संशोधकांना खुले केले. त्यांच्या जोडीला एमआरआय हवेत, आणि झोपेबद्दल एकाहून बरेच जास्त प्रश्न हवेत. तेही मराठीत, कन्नडात, बंगालीत, ज्याला झोप येत नाही त्याच्या भाषेत विचारलेले.