चालते, पण दुरुस्त होते का?

मंडळी, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीची पेटी कधी उघडून पाहिली आहे का? मोटार नवी होती तेव्हा वायरमनने मोजक्या वायरी नीट बसवून दिल्या. पुढे एक वायर जळाली. ती तशीच ठेवून शेजारून दुसरी ओढली. मग गोठ्यातल्या दिव्यासाठी आणखी एक जोड दिला. दरम्यान पहिला वायरमन गाव सोडून गेला. आता नवा माणूस येतो, पेटी उघडतो आणि कपाळाला हात लावतो. कोणती वायर चालू आणि कोणती बंद, हे त्याला उमगत नाही. तो म्हणतो, “जुन्याला हात नको लावायला, मी आपली नवीन वायर टाकून देतो.” पाणी येते, आपण खूश होतो, पण पेटीतला गुंता एका वायरीने वाढलेला असतो.

संगणकाच्या आज्ञावलीचे अगदी असेच होते, बरं का! आज बँकेतले खाते, रेशन दुकानातले यंत्र, संगणकावरचा सातबारा, परीक्षेचा निकाल, सारे आज्ञावल्यांवर चालते. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचे हे पायरीपायरीने सांगणाऱ्या ओळी. या ओळींनाच कोड म्हणतात. कोड एकदा लिहिला की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. पण कायदा बदलतो, व्याजाचा दर बदलतो, नवा अर्ज येतो. म्हणून कोड वर्षानुवर्षे दुरुस्त करावा लागतो. आणि दुरुस्त करणारा माणूस बहुधा तो लिहिणारा नसतो. तेव्हा चांगल्या कोडची कसोटी दुहेरी आहे. तो आज बरोबर चालतो का? आणि उद्या परक्या माणसाला तो न घाबरता बदलता येईल का? पहिला दोष लवकर दिसतो. दुसरा लपून राहतो, म्हणूनच तो महाग पडतो.

किती महाग? अमेरिकेतली एक घडलेली गोष्ट सांगतो. नाइट कॅपिटल नावाची, शेअरांची खरेदी-विक्री करणारी मोठी कंपनी होती. तिच्या कोडमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता. २००३ साली त्याचा वापर थांबला, पण तो कुणी काढून टाकला नाही. मागणीइतके शेअर घेऊन झाले की थांबावे, यासाठी मोजणी करणारा एक तुकडा कोडमध्ये होता. २००५ साली तो दुसऱ्या जागी हलवला गेला. त्यामुळे पॉवर पेगचा लगाम सुटला. पण तो भाग वापरातच नव्हता, मग तपासणार कोण?

२०१२ साली नवे काम जोडताना, पूर्वी पॉवर पेग सुरू करणारी जी खूण होती, तीच नव्या कामासाठी वापरली. नवा कोड आठ संगणकांवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला. आठव्या संगणकाने ती खूण पाहिली आणि नऊ वर्षे झोपलेला पॉवर पेग जागा केला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्या होत्या. पण ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. घाबरून माणसांनी उरलेल्या सात संगणकांवरचा नवा कोड काढला, तर तिथेही जुनाच भाग चालू झाला! नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेले, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

पाहिलेत ना? पेटीतली ती वायर मेलेली नव्हतीच. तिचे बटण तेवढे बंद होते.

मग असले दोष वेळेत ओळखायचे कसे? त्याच्या काही ठळक खुणा आहेत.

पहिली खूण, एकच नियम अनेक ठिकाणी लिहिलेला असणे. समजा, गुरुजी, तुमच्या शाळेच्या निकालाच्या कोडमध्ये उत्तीर्ण होण्याचे ३५ गुण बारा ठिकाणी लिहिले आहेत. उद्या ती मर्यादा ४० करायची ठरली. अकरा ठिकाणी बदल झाला, बारावे राहिले. आता तोच मुलगा गुणपत्रिकेवर नापास आणि वर्गाच्या यादीत पास! बरे, सरसकट सगळे ३५ बदलून टाकावेत, तर त्यातला एखादा ३५ हा वर्गातल्या मुलांचा आकडा असायचा. यावर उपाय सोपा आहे. त्या आकड्याला ‘उत्तीर्णतेचे गुण’ असे नाव द्यावे, तो एकाच जागी लिहावा आणि बाकी सगळीकडे ते नाव वापरावे.

दुसरी खूण, मुकी नावे. ‘अ’, ‘ब’, ‘क्ष२’ अशी नावे वाचून काय कळणार? ‘हजेरीचे दिवस’ म्हटले की समजावून सांगायला कुणी लागत नाही.

तिसरी खूण, फाट्यांचे जंगल. ‘जर असे असेल तर हे करा, नाहीतर ते करा’ अशी वाक्ये एकात एक घुसली की वाचणाऱ्याची वाट चुकते. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली यासाठी एक मोजमाप सांगितले. सरळ वाटेचा एक गुण, आणि पुढे प्रत्येक ‘जर’ला एकेक मिळवायचा. कोडच्या एका तुकड्याची बेरीज दहाच्या वर जाऊ लागली, तर त्याचे लहान तुकडे पाडावेत, असे त्यांनी सुचवले.

चौथी खूण, वापरात नसलेला कोड. पुढे-मागे लागेल म्हणून तो ठेवू नये. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी साधने आज आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले ‘गिट’ हे त्यांतलेच. काढलेला भाग तिथून परत आणता येतो. शिवाय तीच नोंदवही सांगते की कोणत्या भागाला वारंवार हात लागतो आणि कुठे पुन्हा पुन्हा बिघाड होतो. दुरुस्ती तिथून सुरू करावी. एखादा कोपरा कुरूप आहे, पण चालतो आहे आणि कुणाला बदलायचाही नाही, तर तो थांबू शकतो.

आता दुरुस्तीची रीत. आधी परीक्षा, मग शस्त्रक्रिया! निकालाचेच पाहू. ३४ गुणांचा मुलगा, ३५ चा, ३६ चा आणि गैरहजर असलेला, अशी उदाहरणे घ्यावीत. प्रत्येकाचे बरोबर उत्तर आधी कागदावर लिहावे आणि संगणकाकडून ताडून घ्यावे. मग एकच लहान बदल करावा, आणि सगळी उदाहरणे पुन्हा ताडावीत. उत्तरे जुळली तर पुढची पायरी. नाही जुळली, तर चूक आत्ताच्या बदलात आहे हे लगेच कळते. घडण सुधारायची, पण काम तेच ठेवायचे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांचे याच नावाचे पुस्तक १९९९ साली आले. नवे काम जोडणे आणि जुने निस्तरणे एकाच वेळी करू नये. तसेच, सगळे मोडून नव्याने लिहू, हा मोहही आवरावा. जुन्या कोडमध्ये कितीतरी वर्षांच्या अडचणींची उत्तरे दडलेली असतात. ती मोडतोडीत हरवतात.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली या साऱ्याला कर्जाची उपमा दिली. घाईने लिहिलेला कोड म्हणजे उचललेले कर्ज. वेळेला कर्ज काढण्यात पाप नाही. पण ते फेडले नाही, तर पुढच्या प्रत्येक बदलाला जास्तीचा वेळ लागतो, तेच त्याचे व्याज. कर्जाचे व्याज कसे चढते, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. तुमच्या शाळेतली मुले आज्ञावल्या लिहायला शिकत असतील, तर “चालते का?” एवढेच विचारून पूर्ण गुण देऊ नका. एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या हाती द्या आणि सांगा, “यात एक नियम बदलून दाखव.” तो जिथे अडखळेल तिथेच दोष आहे. लिहिणाऱ्याला तो तिथल्या तिथे दिसेल, आणि आपण लिहितो ते आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठी, हे त्याला न सांगता समजेल.