‘बोंबील साफ करून घ्या’ म्हणजे नेमकं काय?

मासळीच्या जवळजवळ प्रत्येक छापील कृतीची सुरुवात याच आज्ञेने होते. ज्याला येतं, त्याला ती पुरते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र तिचा काडीचा उपयोग नसतो. बेलापूरच्या दिवाळे गावात, खाडीकाठच्या कोळीवाड्यात, हे काम डोळ्यांसमोर होताना दिसतं. बोंबलाचं डोकं उडवायचं, कात्रीने पर छाटायचे, पोट उघडून घाण काढायची. मग उभा चिरून उघडा करायचा आणि मीठ लावून ताटावर पसरायचा. वर दुसरं ताट, त्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. या माशात पाणी फार, ते असं दाबून काढलं नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो. अर्ध्या तासाने ताट तिरकं केलं की खाली पाणी साचलेलं दिसतं. मग हळद, मसाला, आंबट आणि तांदळाच्या पिठात घोळवून तेलात. पुस्तकाने चार शब्दांत उरकलेला हा अख्खा धडा आहे.

मुलांना स्वयंपाक शिकवायला पुस्तक कोणतं घ्यावं, हा प्रश्न आजकाल बरेच पालक विचारतात. पुस्तक चांगलं आहे की नाही, त्यापेक्षा ते मुलाला घरातल्या कुणाकडे पाठवतं की नाही, हे मी आधी पाहतो. ‘आजी, तेल सुटलं म्हणजे कसं दिसतं?’ असं एका पानावर दोन-तीनदा विचारावं लागलं, तर पुस्तक कामाचं. दहादा विचारावं लागलं, तर ते मुलासाठी लिहिलेलंच नाही. आणि एकदाही विचारावं लागलं नाही, तर पोरगं एकटंच स्वयंपाकघरात राहील आणि घरचं काहीच शिकणार नाही.

दुकानात ‘मुलांसाठी’ म्हणून मांडलेली मराठी पाकपुस्तकं उघडून पाहा. बहुतेक डब्याची असतात. पौष्टिक डबा, झटपट डबा, भाजी लपवलेला डबा. वाचायचं आईने, करायचं आईने, मुलाने फक्त डबा संपवून आणायचा. (वडील तर मुखपृष्ठावरही नसतात.) अशी पुस्तकं वाईट नाहीत, पण ती मुलांसाठी नव्हेत, मुलांच्या आयांसाठी आहेत.

तेव्हा मोठ्यांच्याच कपाटाकडे वळावं लागतं. मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०मध्ये आलं. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या आणि ही मंडळी मासळीची शौकीन, हे खाडीकाठच्या वाचकाने लक्षात ठेवावं. त्या काळची मापं शेर-तोळ्यांची, भाषा जाणत्या बाईशी बोलावं तशी. आज मुलाच्या हाती हे पुस्तक देऊन उपयोग नाही. आजोबा-आजींनी एकेक पान वाचून दाखवावं, ते मात्र जमण्यासारखं आहे.

मुलाच्या हाती द्यायचं पहिलं मराठी पुस्तक कोणतं, असं विचारलंत तर मी आजही कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ सांगेन. कमलाबाई १९१३च्या, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शिक्षण चौथीपर्यंतचं. ‘एक लाख सुनांची सासू’ असं त्यांना कौतुकाने म्हटलं गेलं, पण नातवंडांनाही हे पुस्तक चालतं आणि त्याचं कारण माप. वाटी आणि चमचा. मुलाला वजनकाटा लागत नाही. घरातली एक वाटी नक्की केली की कृती संपेपर्यंत तीच वापरायची, एवढाच नियम. इथेच त्याला प्रमाणाचं गणितही न सांगता कळतं: एका वाटीला अमुक, तर दोन वाट्यांना किती?

‘रुचिरा’ १९७०मध्ये किर्लोस्करांनी प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचं प्रकरण सुरू झालं. दिवाळे त्यातलंच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आज बेलापूरच्या इमारतींत राहणाऱ्या घरांत ‘रुचिरा’ सहज सापडतं आणि पलीकडच्या कोळीवाड्यातल्या आजीची कृती कुठेच छापलेली सापडत नाही, हे मात्र खरं.

कारण आपली गाजलेली पाकपुस्तकं बहुतेक पांढरपेशा, शहरी स्वयंपाकघरांतून आली. निवट्यांचं कालवण त्यांत क्वचितच असणार. निवटी हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, अंगाला बुळबुळीत. राखेत किंवा मिठात चोळल्याशिवाय हाताला लागत नाही. चुली गेल्या, राख गेली, आता मिठावरच भागवावं लागतं. चिंबोरी धरायची कशी, नांग्या कधी मोडायच्या, शिंगाळ्याचे काटे विषारी असतात म्हणून ते मुलाच्या हाती का द्यायचे नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे तो ते लिहीत बसत नाही. मसाल्याचंही तसंच. पुस्तकात ‘एक चमचा मसाला’ असतं, तो बहुधा गरम मसाला. कोळ्यांच्या घरात मसाला म्हणजे उन्हाळ्यात वर्षाचा करून बरणीत भरलेला, मिरचीचा तिखटजाळ लाल मसाला. मुलाने दोन्ही एकच समजले, तर त्या दिवशीचं जेवण सगळ्यांच्या लक्षात राहील!

लिहिलं की काय होतं, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये दिसतं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यांनी कृतींसकट नोंदवलं. पाकपुस्तकांनी ज्या चुलींकडे पाहिलंच नव्हतं, त्या त्यांनी दाखवल्या. ते लहान मुलांचं पुस्तक नाही. आठवी-नववीतल्या मुलाने आई-वडिलांबरोबर बसून वाचावं असं मात्र नक्की आहे.

बाहेरच्या देशांत मुलांसाठी वेगळी पाकपुस्तकं बऱ्याच आधीपासून निघतात. बेटी क्रॉकर या नावाने अमेरिकेत मुलामुलींसाठीचं पाकपुस्तक १९५७मध्ये आलं. मला त्याहून आवडतं ते मॉली कॅट्झेन आणि अ‍ॅन हेंडरसन यांचं १९९४चं ‘प्रिटेंड सूप’. अजून वाचताही न येणाऱ्या मुलांसाठी ते लिहिलंय. त्यात प्रत्येक कृती दोनदा येते, एकदा मोठ्यांसाठी शब्दांत आणि एकदा मुलांसाठी चित्रांत. मोठा वाचतो, छोटा चित्र पाहतो आणि काम दोघं मिळून करतात. त्यातलं खाणं आपल्याकडे फारसं चालायचं नाही, पण ही मांडणी उचलण्यासारखी आहे. तांदळाच्या भाकरीची चित्रं काढून पाहा: उकळतं पाणी, त्यात पीठ, झाकण. मग परातीत मळणं, थापणं आणि तव्यावर टाकताना वरच्या बाजूला पाण्याचा हात. यातलं पाणी उकळण्याचं आणि तव्याचं चित्र लाल चौकटीत, म्हणजे ते काम मोठ्या माणसाचं. बाकीची सगळी मुलाची.

ही लाल चौकट आपल्या पुस्तकांत नसते, म्हणून ती पालकांनी पेन्सिलीने आखावी. चार-पाच वर्षांचं मूल मटार सोलतं, मेथी निवडतं, लाडू वळतं. सात-आठ वर्षांचं कणीक मळतं, लिंबू पिळतं, काकडी कोचवायला बसतं, पण विळीवर नाही. दहाच्या पुढे गॅसजवळ, तेही मोठं माणूस शेजारी उभं असताना. प्रेशर कुकर आणि तळणीची कढई त्याहून पुढची. पातेल्यावरचं झाकण आपल्याकडे नव्हे तर पलीकडच्या बाजूने उचलायचं, कारण वाफेने होणारं भाजणं पटकन होतं आणि फार झोंबतं, हे पहिल्याच दिवशी सांगावं. मासळी चिरलेल्या पाटावर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही, हेही.

मुलांकडून स्वयंपाक करवून घेणं ही काही आजची टूम नाही. १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर उभ्या राहिलेल्या नई तालीममध्ये हाताच्या कामातून शिकणं हाच गाभा होता आणि स्वयंपाक, सफाई ही शाळेचीच कामं होती. मॉन्टेसरीच्या बालवर्गातही सोलणं, चिरणं, ओतणं हा अभ्यासच असतो. आपण मध्येच कुठेतरी ‘अभ्यास कर, लुडबुड करू नकोस’वर येऊन थांबलो.

दिवाळीचा फराळ हा सुरुवातीला उत्तम. त्यातलं निम्मं काम विस्तवापासून लांबचं असतं. शंकरपाळे कातायचे, करंजीत सारण भरून कड दाबायची, सोऱ्यातून कागदावर चकल्या पाडायच्या. चकलीचं कडं तुटलं तरी खायला तितकंच चांगलं लागतं. पण भाजणीचं प्रमाण पुस्तकातून मुलालाच वाचायला सांगा, आणि आजीचं प्रमाण वेगळं निघालं (ते निघतंच) तर दोन्ही लिहून ठेवा.

म्हणून पुस्तकाच्या जोडीला एक वही हवीच. डाव्या पानावर पुस्तकातली कृती, उजव्या पानावर घरातली. दिवाळे गावच्या घरात उजवं पान पावसाळ्यात जास्त भरेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, घरात सुके बोंबील, जवळा, सोडे निघतात आणि घरातली माणसंही थोडी मोकळी असतात. मुलाने विचारायचं, मोठ्यांनी सांगायचं, मुलाने आपल्या अक्षरात लिहायचं. ‘अंदाजाने’ हा शब्द आला की तिथेच थांबवून वाटी पुढे करायची आणि मोजायला लावायचं.

विकत घेण्याआधी दुकानात एक कृती उघडून मुलालाच वाचायला द्या. साहित्याची यादी कृतीच्या क्रमाने आहे का, एका वाक्यात एकच काम आहे का, आणि मिनिटांबरोबर रंग-वास-आवाजाची खूणही दिली आहे का, एवढं बघा. चकचकीत फोटोंवर जाऊ नका, त्यातला पदार्थ घरी तसा होत नाही आणि मूल उगाच खट्टू होतं. या दिवाळीत भेट द्यायची असेल, तर दहा वर्षांवरच्या मुलाला ‘रुचिरा’ आणि एक दोनशे पानी वही द्या. त्याहून लहान असेल, तर नुसती कोरी चित्रकलेची वही आणि रंगीत खडू पुरे. पुस्तकाचे पैसे वाचले, त्यांचे बोंबील आणा.