जपलेला आवाज – भाग ९ : गाण्याआधीची दोन वाक्यं

मागच्या भागात आपण तबकडीवरचे क्रमांक वाचायला शिकलो. आज तबकडीवर कधीच न आलेल्या, फक्त रेडिओवर ऐकू आलेल्या गाण्यांकडे वळू.

खारघरला राहायला आल्यावर माळ्यावरचं सामान लावताना मावशीची एक कॅसेट हाती लागली. वर निळ्या शाईत एकच शब्द होता, ‘गीतरामायण’. आता बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा आवाज येणार, असं धरून मी ती लावली. आधी थोडी खरखर झाली, मग निवेदिकेची दोन वाक्यं आली. पुनःप्रसारण असल्याचं सांगून तिनं गायिकेचं नाव घेतलं, आणि सीतेचं गाणं एका स्त्रीच्या गळ्यातून उमटलं. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं.

आज बहुतेक घरांत गीतरामायण म्हणजे बाबूजींनी एकट्यानं गायलेला एचएमव्हीचा संच. पण गीतरामायण जन्मलं ते रेडिओवर आणि अनेक आवाजांत. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथल्या सीताकांत लाड यांनी गदिमांकडे, म्हणजे कवी ग. दि. माडगूळकर यांच्याकडे, वर्षभर चालेल अशा मालिकेचा आग्रह धरला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे दर आठवड्याला एक नवं गीत येत राहिलं. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्यामुळे मालिका लांबली आणि एप्रिल १९५६ मध्ये ५६ गीतांवर पूर्ण झाली. चाली सगळ्या बाबूजींच्या, रामाची गाणीही त्यांच्याच आवाजात. इतर व्यक्तिरेखांसाठी मात्र माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर असे वेगवेगळे गळे होते.

एकाच आवाजातला संच ऐकताना आपल्याला कथा सांगणारा भेटतो. रेडिओवरच्या मूळ रूपात कथेतली माणसं भेटतात. दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत, पण दुसरं दुर्मिळ झालं आहे आणि घरोघरच्या कपाटांत विखुरलेलं आहे. म्हणून ते शोधायला हवं.

अशा शोधाचं जगातलं गाजलेलं उदाहरण बीटल्सचं. १९६२ ते १९६५ या काळात बीबीसीच्या ५२ कार्यक्रमांत त्यांची ८८ गाणी मिळून २७५ वेळा वाजली. त्या काळी बीबीसीला रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर कराराची मर्यादा होती. त्यामुळे वादकांना बोलावून गाणी नव्यानं गाऊन घेतली जात. टेप महाग होती, एकच टेप पुसून पुन्हा वापरली जाई. त्यात यातलं बरंच हरवलं. १९८२ च्या एका विशेष रेडिओ कार्यक्रमासाठी केव्हिन हाउलेट यांनी शोध हाती घेतला. परदेशी केंद्रांना पाठवलेल्या तबकड्या आणि श्रोत्यांनी घरी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या टेपा यांनी पुढे मोठा हात दिला. १९९४ मध्ये अधिकृत संच निघाला, तेव्हा त्यातली ३० गाणी बीटल्सच्या आवाजात पूर्वी कधीच रेकॉर्डवर आलेली नव्हती. बीबीसीनं जे पुसलं, त्यातलं काही श्रोत्यांनी राखलं होतं.

आता मावशीच्या कॅसेटकडे परत येऊ. ती १९५५ ची आहे का? नाही. फिलिप्सनं कॅसेट बाजारात आणली १९६३ मध्ये. म्हणजे हे एक तर नंतरच्या पुनःप्रसारणावरून थेट घेतलेलं असणार, नाही तर कुणाच्या स्पूलवरून उतरवलेलं. अशी प्रतीची प्रत निघते तेव्हा दर खेपेला फसफस वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. मीडियम वेव्हवर उंच कंपनसंख्यांचे सूर मुळातच कापले जातात, हेही ध्यानात ठेवावं. टेप योग्य वेगानं चालली आहे का, याचा पहिला सुगावा मागच्या बारीक घुंईतून मिळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घुंई ५० किंवा १०० च्या आसपास यायला हवी. दुसरा पुरावा हार्मोनियमचा. गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लटकत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यावी.

जतन करतानाचे नियम सोपे आहेत. खारघरचा पावसाळा टेपांचा वैरी आहे. पांडवकडा धबधब्याकडून येणारा ओलावा कपाटात शिरतो आणि पट्टीवर पांढरी बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात कॅसेटी उभ्या ठेवाव्यात. बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नये, हेडही खराब होतं. १२० मिनिटांची पट्टी फार पातळ असते, तिला वारंवार मागेपुढे पळवू नये. संगणकावर घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल करावी आणि पहिली प्रत अजिबात ‘स्वच्छ’ करू नये.

हा शेवटचा नियम मी नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी एक जुना स्पूल मी एका दुकानात उतरवायला दिला होता. त्यांनी खरखर काढली आणि त्याबरोबर गाण्याआधीचं निवेदनही कापून टाकलं. स्पूल परत मिळाला तेव्हा त्याची पट्टी तुटलेली होती. गाणं माझ्याकडे आहे, पण ते कोणत्या केंद्राचं, कधीचं, हे सांगणारी माणसाची दोन वाक्यं कायमची गेली. त्या वाक्यांवाचून ते गाणं पोरकं झालं.

कायद्याचंही भान ठेवावं. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. संग्रह विकायचा नसतो. तो जपायचा, अभ्यासकाला ऐकवायचा आणि जमल्यास एक प्रत जाणत्या संग्रहालयाला द्यायची.

या आठवड्यात एवढंच करा. घरातली एक जुनी कॅसेट काढा आणि ती कुणी, कुठे, कोणत्या रेडिओवरून उतरवली हे थोरल्यांना विचारून कागदावर लिहा. मला ते मावशीला विचारता आलं नाही. कॅसेट सापडली तेव्हा ती हयात नव्हती.

पुढच्या भागात : चिकट झालेली पट्टी कशी वाचवायची.