जोर आणि गोडवा

दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागले, की व्यापारी नुसता तिखटपणा पाहून भाव करीत नाही. तो रंगही पाहतो. गाण्याचेही तसेच आहे. जोर हा गाण्याचा एक गुण झाला, सगळे गाणे नव्हे.

वरातीत पोरांनी कर्ण्याचा आवाज चढवला, की आपण कानांवर हात ठेवून म्हणतो, "याला का संगीत म्हणायचे?" पण ज्याला आपण गोंगाट म्हणून हिणवतो, त्यातूनच काही मंडळी सुरेल गाण्याकडे गेली आहेत. ती कशी गेली, ते पाहू.

१९७५-७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन येथे 'पंक रॉक' नावाचा प्रकार पुढे आला. पंक म्हणजे उनाड, वाह्यात पोरगा! गिटारवर तीनचार स्वरमेळ वाजवता आले, की पुरे. गाणे दोनतीन मिनिटांचे, लय धावती, गळा ताणलेला. इंग्लंडात तेव्हा बेकारी वाढली होती. तरुणांचा संताप असा बाहेर पडला. वर्षानुवर्षे शिकल्यावाचूनही माणसाला आपले म्हणणे गाता येते, हा धीर या गाण्याने दिला.

लंडनच्या 'द क्लॅश' या मंडळींची १९७७ ची पहिली ध्वनिमुद्रिका अशीच धडाक्याची होती. पण डिसेंबर १९७९ मध्ये त्यांची 'लंडन कॉलिंग' आली: दोन तबकड्या, १९ गाणी. तीत जमैकाच्या रेगे संगीताची डुलती लय होती, जॅझची झाक होती, पितळी वाद्ये होती. बेकारी आणि वर्णद्वेष हे विषय मात्र सुटले नाहीत. राग तोच होता. त्याला चाल मिळाली.

आपल्याकडे पंकचे नव्हे, पण त्याच्या शेजारचे उदाहरण मुंबईत आहे. १९८४ साली 'रॉक मशीन' हा इंग्रजीत गाणारा संच उभा राहिला. बाज कडक रॉकचा. १९८८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच 'रेनेगेड', म्हणजे बंडखोर, हा शब्द होता. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. इंडस म्हणजे आपली सिंधू. त्याच नावाची ध्वनिमुद्रिका १९९५ मध्ये निघाली आणि १९९७ मध्ये संच मोडला. २०१० मध्ये तो पुन्हा जमला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नव्या पिढीचे. २०१२ मध्ये त्यांची आठ गाण्यांची 'इव्हॉल्व्ह' आली. मधे १७ वर्षे गेली होती. गिटार अजून गरजते, पण आता ती थांबायलाही शिकली आहे.

पिकलेपण ते हेच, बरं का! कच्च्या गाण्यात सगळे एकाच वेळी वाजवतात. मुरलेल्या गाण्यात एक जण हात आखडतो, म्हणून दुसऱ्याचा सूर ऐकू येतो. आपल्या भजनातही बुवा आलापी घेऊ लागले, की पखवाजवाला थाप हलकी करतो. ती हलकी थाप म्हणजे हार नव्हे, ती साथ आहे.

गुरुजनांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एकच गाणे मुलांकडून आधी ओरडून म्हणवून घ्यावे. मग अर्ध्यांनी गावे, अर्ध्यांनी नुसता ठेका धरावा. नंतर शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावे, "शब्द केव्हा नीट कळले?" उत्तर त्यालाच देऊ द्या.

आणि घरचा पोरगा मोठ्याने काही वाजवीत असेल, तर खटका बंद करण्याआधी जवळ बसून एक गाणे पुरते ऐका. त्यात तो काय म्हणू पाहतो आहे, ते विचारा. म्हणणे ऐकून घेतले गेले, की आवाज आपणहून खाली येतो, आणि मग चालीचे बोलणे सुरू करता येते.